ब्रेक शूला बांधलेली चावी

शेवटच्या थांब्यावरच्या संडासाची चावी एका झिजलेल्या ब्रेक शूला साखळीने बांधलेली होती. कुणी ती खिशात घालून नेऊ नये म्हणून नियंत्रकाने काढलेली ही युक्ती, आणि त्याला तिचा अभिमान होता. ब्रेक शू म्हणजे चाकाच्या आत बसणारा कमानीसारखा लोखंडी तुकडा. बसचा, त्यामुळे चांगला जड. तो नियंत्रकाच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेला असे. लघवीला जायचं तर त्या खोलीत शिरायचं, चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरांसमोर चावी मागायची आणि ते लोखंड दोन्ही हातांनी पोटाशी धरून सगळं पटांगण ओलांडायचं. पुरुषांना चावी लागत नसे. त्यांना मागची भिंत पुरायची.

"आली टाकी रिकामी करायला," कुणीतरी म्हणे.

"सकाळीच गेली होती ना? गळती बघून घे गं गॅरेजात."

म्हणून बायकांनी चावी मागणं सोडलं होतं. ड्युटी असेल त्या दिवशी उठल्यापासून पाणी प्यायचं नाही, तोंड सुकलं तर चूळ भरून थुंकायची. नवी मुलगी आली की जुन्या तिला गाडी कुठे घासते, कुठला आरसा हलतो हे सांगत, तसंच हेही सांगत. "आठवडाभर डोकं ठणकेल. मग अंगवळणी पडतं." जास्त वेळ धरून ठेवणारीला मान होता. लघवी जळजळते, अडते, थेंबथेंब होते, याबद्दल त्या पाठदुखीबद्दल बोलावं तशा बोलत.

या सगळ्यात पहिला नंबर हॉर्नचा. आगारात तिला हॉर्न म्हणत, कारण बसचा हॉर्न ती क्वचितच वाजवी. खिडकीतून डोकं काढून तोंडानेच काम भागवी. छत्तीस वर्षांची, रुंद खांद्यांची, गाडी वळवताना पाठीमागे पाहिलंच नाही असं वाटावं इतकी सफाईदार. दीड वर्षापासून तिची सकाळची लघवी अडत होती. दोनदा दवाखान्यात नळी घालून काढावी लागली होती. दोन्ही वेळा तिने आगारात ते हसत सांगितलं, आणि बाकीच्याही हसल्या. प्रत्येकीकडे सांगण्यासारखं काहीतरी होतंच.

तिसऱ्या वेळी ती भरल्या बसमध्ये अडकली. उठल्यावर लघवी झाली नव्हती. होईल मग, म्हणून ती तशीच गाडीवर चढली. बाजाराच्या थांब्यापर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं. तिने गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"काय झालं? गाडी बंद पडली का?" मागून एक प्रवासी ओरडला.

"गाडी ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मी बंद पडलेय."

दवाखान्यात अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने नळी घातली. पिशवी भरली, ती ओतून पुन्हा लावली, तीही भरत आली.

"तुम्ही बायका धरून का ठेवता हो इतकं?" तो म्हणाला.

"संडासाला कुलूप असतं."

"मग चावी मागायची. तोंड आहे ना?"

याआधी दोनदा असं झालंय, असं तिने सांगितलं. "बघा, म्हणजे सवयच लागलीय," असं म्हणून त्याने जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या. तिच्या पोटाला त्याने हात लावला नाही. हॉर्न उताणी पडली होती, पाय फाकलेले, नळी घातलेली. अशा अवस्थेत माणसाला भांडता येत नाही. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

संध्याकाळी वकीलबाई घरी आली. तीही ड्रायव्हरच; प्रत्येक गोष्टीत नियम काढते म्हणून हे नाव. आगारातल्या बायकांच्या वतीने तीच बोलायची. संडास दिवसभर उघडा हवा आणि चावी नको, ही मागणी तिने तीनदा केली होती, आणि आगारप्रमुखांनी तिन्ही वेळा "त्रास काय होतोय ते दाखवा" असं म्हणून ती परत पाठवली होती.

"आता दाखवते," वकीलबाई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "भरल्या बसमधून उचलून नेलं तुला. यापुढे कुठल्या तोंडाने नाही म्हणतील? बैठक लावलीय. तू यायचं, बोलायचं. बाकी मी बघते."

"मला नळीचं सगळ्यांसमोर सांगायचं?"

"एरवी लाजतेस होय तू?"

हॉर्नला हसू आलं. पहिल्यांदाच त्या अडलेल्या लघवीचा कुणाला तरी उपयोग होणार होता.

नळी दोन दिवसांनी काढली. रजा होती. हॉर्न भरपूर पाणी प्यायली, दर थोड्या वेळाने जाऊन आली. संडास तिच्या खाटेपासून चार पावलांवर होता, त्याला कुलूप नव्हतं, बाहेर कुणी चहा पीत बसलं नव्हतं. पाळी तोंडावर आली होती. आणि एका सकाळी उठून पाहते तर पुन्हा तेच. बसली, नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकला, ओटीपोट दाबलं. थेंब नाही.

मग तिने ते केलं, जे गेले काही महिने दार लावून करत होती आणि ज्याबद्दल तिने वकीलबाईलाही सांगितलं नव्हतं. न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे आणि हात टेकले, डोकं खाली घातलं, कंबर उंच केली, आणि तशीच थांबली. पोटात काहीतरी जड पुढे सरकल्यासारखं झालं, आणि धार लागली. पण थोडीच. पुन्हा बंद.

दार नीट लागलं नव्हतं. नवरा दात घासायला आला आणि ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिला.

"हे काय गं?"

"दिसत नाही? गाडीखाली शिरून बघतेय, कुठे गळतंय ते."

त्याने ब्रश काढला. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. बोलायला कमी, पण बिघाड कुठल्या स्थितीत सुटतो आणि कुठल्या स्थितीत परत लागतो याचा विचार करायची त्याला सवय होती. "वाकल्यावर सुटते?" त्याने विचारलं. "मग धरून ठेवल्याने होत नाहीये हे. मध्ये काहीतरी आडवं आलंय. ऊठ. त्या पोराकडे नको जायला, दुसरीकडे जाऊ."

हॉर्न फरशीवरच बसून राहिली. धरून ठेवल्याने होत नाहीये. दीड वर्षात तिच्या डोक्यात हे आलं नव्हतं. आणि तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती बैठक.

दुसऱ्या दवाखान्यातल्या सर्जनबाईंनी आधी नळी घातली, मग हातमोजा बदलून आतून तपासलं. तपासता तपासता त्यांचा चेहरा बदलला. सोनोग्राफीच्या खोलीत त्या स्वतः आल्या.

"गर्भाशयाच्या भिंतीत साधा स्नायू असतो," त्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "त्याचीच ही गाठ आहे. फायब्रॉइड म्हणतात. पुष्कळ बायकांना असते. दिसतेय त्यावरून कॅन्सर नाही. पण बहुतेकजणी अंगावरून जास्त जातं म्हणून येतात, नाहीतर पोटात दुखतं म्हणून. तुम्हाला तसलं काही?"

"काही नाही. पाळी अगदी वेळेवर."

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही. तुमची गाठ मागच्या भिंतीला, खाली आहे. बाळाच्या डोक्याएवढी. ती पोटात वर वाढली असती तर पोट दिसलं असतं. ती कमरेच्या हाडांच्या खोबणीत रुतून बसलीय. तिने गर्भाशयाचं तोंड पुढे ढकललंय, आणि ते लघवीच्या वाटेवर दाबून बसलंय. पाळीच्या आधी सगळं थोडं फुगतं, रात्रभरात मूत्राशय भरतं, की सकाळी वाट बंद."

"फाटकात आडवी लावलेली बस," हॉर्न म्हणाली.

"अगदी. आणि आतल्या गाड्या तुंबल्यात. दोन्ही मूत्रपिंडं सुजलीत." त्यांनी पडदा बंद केला. "किती दिवस चाललंय हे?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष! आणि तुम्हाला वेगळं काही वाटलं नाही?"

"आमच्याकडे सगळ्यांचंच असं आहे."

सर्जनबाई लिहायच्या थांबल्या. "सगळ्यांचं म्हणजे?"

हॉर्नने सांगितलं. पाणी, चूळ, ब्रेक शू, भिंत. सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं, आणि आवाज चढत गेला. बाजूच्या खाटेवरच्या बाईने मान वळवून पाहिलं.

शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली. तोवर नळी राहणार होती, त्यामुळे मूत्रपिंडांना धोका नव्हता. बैठक गुरुवारी होती.

सासूबाई भेटायला आल्या. "आता पिशवीच काढून टाका म्हणावं," त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. "मूल तर तुम्हाला नकोच आहे. कटकट कशाला ठेवायची?"

"सासूबाई, ब्रेक बिघडला म्हणून कुणी गाडी भंगारात देतं का? बिघडलंय तेवढं काढतील. बाकीचं माझं मी ठेवीन."

"मी आपलं सुचवलं हो."

"ऐकलं मी."

नवऱ्याने दोघींच्या मधे उभं राहून मोठ्या कष्टाने संत्रं सोलायला घेतलं.

वकीलबाई आली तेव्हा हॉर्नने तिला सगळं सांगितलं. वकीलबाईने ऐकून घेतलं, कॅन्सर नाही ना हे दोनदा विचारलं, आणि मग खाटेच्या कडेला बसली.

"हे आगारात कुणाला माहीत आहे?"

"अजून नाही."

"मग गुरुवारपर्यंत राहू दे ना तसंच."

"म्हणजे?"

"म्हणजे गाठीचं काढू नकोस. बसमधून उचलून नेलं, नळी घातली, एवढंच सांग. ते खरंच आहे की."

"आणि कशामुळे, असं विचारलं तर?"

"डॉक्टर म्हणाला ना, धरून ठेवल्यामुळे. एका डॉक्टरने म्हटलंय. तेवढंच सांगायचं."

"त्या पोराने मला हात न लावता सांगितलं होतं ते!"

"हळू बोल."

"का हळू? त्याचं खोटं होतं, आता ते मी माझ्या तोंडाने सांगू?"

वकीलबाई उठली. आता तिचाही तोल गेला. "तीन वर्षं मी त्या दारावर डोकं आपटतेय! तीन वर्षं 'त्रास दाखवा, त्रास दाखवा'. शेवटी एक त्रास असा मिळाला की झाकता येणार नाही. आणि तुला नेमकी आत्ताच गाठ सापडली!"

"मुद्दाम ठेवली होती गं. तुझ्या बैठकीसाठी."

"तू विनोद कर. शुक्रवारी तुझी गाठ निघेल, तू सुटशील. आम्ही पुढची दहा वर्षं त्या लोखंडाला पोटाशी धरून फिरू."

ती निघून गेली. हॉर्नने दिवसभर तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. जास्त राग याचा होता की बाई चुकीचं बोलत नव्हती. गाठ सांगितली की मागणी बुडणार होती.

गुरुवारी ती सर्जनबाईंची परवानगी काढून बैठकीला गेली. लघवीची पिशवी मांडीला पट्ट्यांनी बांधली होती, वरून गणवेशाची सैल पँट. टेबलाच्या एका बाजूला आगारप्रमुख आणि नियंत्रक. दुसऱ्या बाजूला वकीलबाई आणि चार ड्रायव्हर बायका. आगारप्रमुखांसमोर पाण्याचा ग्लास, वर झाकण. वकीलबाईने हॉर्नकडे पाहिलं नाही.

"हं, तुम्हीच ना त्या? सांगा," आगारप्रमुख म्हणाले.

"साहेब, माझ्या पोटात गाठ आहे," हॉर्न म्हणाली. "गर्भाशयाला. लघवी तिच्यामुळे अडली. उद्या ऑपरेशन आहे."

वकीलबाईने डोळे मिटले.

आगारप्रमुख खुर्चीत मागे टेकले. ते उद्धट माणूस नव्हते. त्यांना नुसतं हायसं वाटलं, आणि ते त्यांना लपवता आलं नाही. "अरेरे. लवकर बऱ्या व्हा. रजेचं आपण बघू. पण मग या तक्रारीत तथ्य राहत नाही, नाही का? हा तुमचा वैयक्तिक आजार झाला. त्याचा संडासाशी काय संबंध?"

"मी म्हणतच होतो," नियंत्रक म्हणाला. "चावी कायम खिळ्याला असते. मागावी, न्यावी."

"काका, तुम्ही थांबा जरा." हॉर्न उभी राहिली. उभं राहताना नळी ओढली गेली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "गाठ तुम्ही दिली नाही साहेब. तुमच्या संडासाने दिली नाही. पण दीड वर्ष माझी लघवी अडत होती आणि मला ते आजारपण वाटलं नाही. का वाटलं नाही? कारण इथे एकीलाही नीट होत नाही! हिची जळते, तिची थेंबथेंब होते, ती तिकडची, तिला मागच्या महिन्यात ताप भरला. मी सांगितलं, माझी अडते. सगळ्या म्हणाल्या, अडायचीच. डॉक्टर म्हणाला, धरून ठेवता ना, मग अडणारच. मला कळायचं कसं, माझं वेगळं आहे ते? माझी मूत्रपिंडं सुजली, साहेब. अजून सहा महिने मी हसत हसत हेच सांगत फिरले असते. इथे आणखी कुणाच्या पोटात काय आहे, मला माहीत नाही. यांनाही माहीत नाही. कारण या पाणीच पीत नाहीत!"

आगारप्रमुखांनी घसा साफ केला. "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण प्यायचं नाही, असा काही नियम आपण केलेला नाही."

"नाही?" वकीलबाई म्हणाली.

तिने हात लांब केला, आगारप्रमुखांसमोरचा ग्लास उचलला, झाकण टेबलावर ठेवलं आणि सगळं पाणी घटाघटा प्यायली. ग्लास परत जागच्या जागी ठेवला.

"नियम नाही ना? मग उद्यापासून पिऊ."

शुक्रवारी हॉर्नला पाठीतून भूल दिली. कमरेखाली शरीर नसल्यासारखं झालं, पण कान जागे होते. समोर हिरवा पडदा. सर्जनबाईंनी ओटीपोटाच्या तळाशी आडवा छेद घेतला. मग बराच वेळ नुसती ओढाताण. गाठ खोबणीत इतकी घट्ट बसली होती की हात मागे जाईना.

"हलत नाही बया," सर्जनबाई म्हणाल्या.

"रिव्हर्स टाका," पडद्याच्या अलीकडून हॉर्न म्हणाली.

कुणीतरी हसलं. मग चिखलातून बूट निघावा तसा आवाज आला, आणि सर्जनबाईंनी मोठा श्वास सोडला. गर्भाशय वर आलं. त्यांनी गाठीवरची भिंत कापली, गाठीत स्क्रू पिळून बसवला, त्याला धरून ती ओढत ओढत बोटांनी सोलून वेगळी केली. रक्त आलं, त्यांनी ते थांबवलं. रिकामी झालेली पोकळी थराथराने शिवायला गाठ काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. नंतर त्यांनी ती तिला ट्रेमध्ये दाखवली. पांढरट, टणक, कापलेल्या जागी दोरा गुंडाळल्यासारखी वलयं. हॉर्नने तिच्याकडे नीट पाहून घेतलं. इतकी मुकी गोष्ट. हिच्यावर रागावताही येत नव्हतं.

त्याच सकाळी आगारातून सुटताना प्रत्येक ड्रायव्हर बाईने पाण्याची बाटली उघडली आणि तिथेच उभं राहून संपवली. शेवटच्या थांब्यावर पोचल्यावर एकेक बाई नियंत्रकाच्या खोलीत शिरली आणि "काका, चावी" असं मोठ्याने म्हणाली. ब्रेक शू घेऊन पटांगण ओलांडायचं, परत यायचं, तो टांगायचा. पुढचीने लगेच काढायचा. दोघी आल्या तर एकीने थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे बसने थांबायचं. दुपारपर्यंत गाड्या एकामागे एक साचल्या. प्रवासी खिडक्यांतून ओरडू लागले. गाडी का सुटत नाही, असं कुणी विचारलं की ड्रायव्हर बाई शांतपणे उत्तर देई: "लघवीला रांग आहे. चावी एकच."

पहिल्या दिवशी खोलीतले पुरुष हसले. नंतर त्यांच्याही फेऱ्या चुकल्या, जेवणाची वेळ गेली, आणि हसणं थांबलं. हे सगळं वकीलबाई रोज संध्याकाळी येऊन वॉर्डात सांगत होती. त्या भांडणाबद्दल दोघी बोलल्या नाहीत. एकदा फक्त उशी नीट करता करता वकीलबाई म्हणाली, "तुझं ऐकून दोघी तपासायला गेल्या. एकीच्या मूत्राशयात खडा निघाला."

"आणि दुसरी?"

"दुसरीला काही नाही. पाणी प्या म्हणाले."

हॉर्नने पोटावर हात दाबून धरला. हसलं की टाके ओढायचे.

तिला गाडीवर बसायची परवानगी मिळेपर्यंत बरेच आठवडे गेले. पहिल्या फेरीला ती शेवटच्या थांब्यावर पोचली, खाली उतरली आणि सवयीने नियंत्रकाच्या खोलीकडे वळली. खुर्चीमागचा खिळा रिकामा होता.

"तिकडे आहे," नियंत्रक मान वर न करता म्हणाला. "उघडाच असतो आता. वरून सांगून आलंय." आणि मग, आपल्यावर किती अन्याय झाला हे तिला कळावं म्हणून: "साखळी कापावी लागली मला."

पटांगणापलीकडे संडासाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला ब्रेक शू टेकवून ठेवला होता. हॉर्नने तो पायाने आत सरकवला, दार लावलं, बसली. काही न करता, न वाकता, नळ न सोडता, धार लागली. ती तिथे थोडी जास्तच वेळ बसून राहिली.

मग हात धुवायला तिने नळ फिरवला. नळ कोरडा होता. दुसरा फिरवला. त्यानेही फक्त हवा सोडली. कोपऱ्यात साबणाची रिकामी डबी, आणि दाराला आतून कडी नव्हती, नुसती चार भोकं.

बाहेर तिची बस प्रवाशांनी भरून उभी होती. कुणीतरी घंटी वाजवत होतं. हॉर्नने त्यांना हाताने थांबा अशी खूण केली, ब्रेक शू उचलला आणि दोन्ही हातांनी पोटाशी, टाक्यांच्या व्रणाच्या जरा वर धरून पटांगण परत ओलांडू लागली. नियंत्रकाच्या खोलीत चहा चालला होता. दारापर्यंत पोचायच्या आधीच तिचा आवाज आत पोचला.

"काका! कप खाली ठेवा."